औत आणि ओढ

दख्खनच्या काळ्या जमिनींत पूर्वीं उन्हाळी नांगरट चाले, तेव्हां एका जड लांकडी नांगरास सहा, कधीं आठ बैल जुंपीत. त्याच शेतांत पुढें कुळव चालवावयाचा असला म्हणजे एक जोडी पुरे; पाभरीसहि दोनच बैल. कोणीहि शेतकरी कुळवास आठ बैल लावीत नसे, आणि मोठ्या नांगरास दोन लावून त्यांचे खांदे सोलून काढीत नसे. हा हिशेब कोठें लिहून ठेवलेला नव्हता. जमिनीची ओल, फाळाची खोली आणि जनावराची छाती यांचा मेळ शेतकरी नजरेनें घालीत असे. आणि तो चुकला तर बैल मटकन् खालीं बसून त्याची चूक त्याच्या पदरांत घालीत. औत पाहून ओढ ठरवावी आणि ओढ पाहून औत उचलावें, इतका तो साधा नियम होता.

विसाव्या शतकाच्या आरंभीं शेतांत एंजिन आलें, आणि हा नियम हरवला. एंजिन दमत नाहीं, खालीं बसत नाहीं, तक्रार करीत नाहीं. तें चालतें किंवा बंद पडतें. कारखानदारानें जाहीर केलेला अश्वशक्तीचा आंकडा हीच त्याची ओळख झाली. तो आंकडा खरा आहे काय, आणि खरा असला तरी मागें जोडलेल्या औतास त्यांतील किती शक्ति पोंचते, या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळविण्यांत पुढें कित्येक वर्षें गेलीं. आज जो लहान ट्रॅक्टर द्राक्षांच्या मळ्यांतून किंवा पांच एकरांच्या शेतांतून फिरतांना दिसतो, त्याच्या मागें कोणतें अवजार शोभेल हें सांगणारें शास्त्र त्या वर्षांतील चुकांतून निघालें आहे. त्या चुकांची किंमत कोणी कर्जानें भरली, कोणी प्राणानें.

अश्वशक्ति हें माप जेम्स वॅटचें. आपलें वाफेचें एंजिन किती घोड्यांचें काम करील हें गिऱ्हाइकांस सांगतां यावें म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरच्या काळांत त्यानें घोड्याच्या कामाचा हिशेब मांडला, आणि एका मिनिटांत ३३,००० पौंड वजन एक फूट उंच उचलण्याइतकें काम म्हणजे एक अश्वशक्ति असें ठरविलें. हें माप उदारच होतें. सामान्य घोडा दिवसभर इतकें काम करूं शकत नाहीं. बैलजोडीची दिवसभर टिकणारी शक्ति तर बहुधा एका अश्वशक्तीच्या आंतच भरते.

या मापांत दोन गोष्टी एकत्र नांदतात, ओढ आणि गति. पौंडांतील ओढीस ताशीं मैलांतील गतीनें गुणून ३७५ नें भागिलें म्हणजे अश्वशक्ति निघते. म्हणून तीच शक्ति धीम्या चालीनें पुष्कळ ओढूं शकते, किंवा जलद चालीनें थोडें. पण शेतांत या दोहोंच्या आड आणखी एक गोष्ट येते. ती म्हणजे चाकाची मातीवरील पकड. एंजिनांत शक्ति असूनहि चाकें घसरूं लागलीं, तर नांगर जागचा हलत नाहीं.

जुन्या अमेरिकन ट्रॅक्टरांच्या नांवांतच यासाठीं दोन आंकडे असत. '१२-२५' म्हणजे ओढदांड्यावर १२ अश्वशक्ति आणि पट्ट्याच्या चाकावर २५. ट्रॅक्टर एका जागीं उभा करून पट्ट्यानें मळणीयंत्र फिरविलें तर २५ मिळत. तोच मातींत उतरून नांगर ओढूं लागला कीं त्यांतील निम्मी शक्ति स्वतःचें धूड हलविण्यांत, दांतेरी चाकांच्या घर्षणांत आणि घसरण्यांत खर्ची पडे. जो शेतकरी मोठा आंकडा वाचून नांगर विकत घेई, तो हटकून फसे.

१९१० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ट्रॅक्टर बनविणाऱ्या कारखान्यांचें पेव फुटलें होतें. कांहीं कारखाने प्रामाणिक होते. कांहींनीं थोडक्याच दिवसांत गाशा गुंडाळला, आणि त्यांचीं यंत्रें विकत घेणारांस सुटे भाग मिळेनासे झाले. नेब्रास्का संस्थानांतील पोल्क परगण्याचा विल्मट क्रोझर हा शेतकरी या अनुभवांतून गेलेला होता. त्यानें प्रथम घेतलेल्या ट्रॅक्टरावर फोर्ड हें नांव होतें. पण त्या कारखान्याचा हेन्री फोर्ड यांच्याशीं कांहीं संबंध नव्हता. तें यंत्र चालेना. दुसरें घेतलें, त्याचीहि तीच गत. तिसरें मात्र सांगितल्यापेक्षां अधिक काम देऊं लागलें. बाजारांत खरें आणि खोटें शेजारीं शेजारीं उभीं होतीं. पैसे मोजण्यापूर्वीं त्यांतील भेद ओळखण्याचें साधन तेवढें शेतकऱ्याच्या हातीं नव्हतें.

क्रोझर पुढें संस्थानच्या विधिमंडळांत निवडून आला, आणि चार्ल्स वॉर्नर या सभासदाच्या साहाय्यानें त्यानें १९१९ सालीं एक कायदा संमत करून घेतला. नेब्रास्कांत विकावयाच्या ट्रॅक्टराची परीक्षा विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडून झाली पाहिजे, निकाल कारखानदाराच्या दाव्याशीं ताडून पाहिला पाहिजे, आणि सुट्या भागांचें कोठार संस्थानांत ठेविलें पाहिजे, असा त्याचा आशय होता. लिंकन येथील विद्यापीठानें परीक्षेची पद्धति घालून दिली. पट्ट्यावरची शक्ति शक्तिमापकावर मोजावी. ओढदांड्यावरची मोजण्यासाठीं ट्रॅक्टरास मापन-गाडी जोडून ती ठराविक वाटेवरून ओढावयास लावावी. १९२० सालीं पहिली परीक्षा वॉटर्लू बॉय नांवाच्या १२-२५ ट्रॅक्टराची झाली, आणि तो दोन्ही आंकड्यांस उतरला. कित्येक यंत्रांचे दावे पुढें याच कसोटीवर उघडे पडले. लिंकनचे छापील निकाल नेब्रास्काबाहेरचे शेतकरीहि मागवूं लागले, आणि ती परीक्षाशाळा आजहि चालू आहे. यंत्राची खरी ओढ किती, या पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें मिळालें.

दुसरें उत्तर आयर्लंडांतून आलें. हाच वॉटर्लू बॉय ब्रिटिश बेटांत 'ओव्हरटाइम' या नांवानें विकला जाई, आणि बेल्फास्ट शहरांत तो विकणारा हॅरी फर्ग्युसन नांवाचा तरुण होता. डाउन परगण्यांतील एका शेतकऱ्याच्या घरीं १८८४ सालीं त्याचा जन्म झाला. शेतीच्या कष्टांस कंटाळून तो मोटारींच्या धंद्यांत शिरला; १९०९ च्या अखेरच्या दिवशीं स्वतः बांधलेलें विमान उडवून त्यानें आयर्लंडांतील पहिलें यांत्रिक उड्डाण केलें. १९१७ सालीं जर्मन पाणबुड्यांमुळें ब्रिटनचा धान्यपुरवठा संकटांत सांपडला, तेव्हां ट्रॅक्टरांकडून अधिक काम कसें काढावें हें पाहण्याची कामगिरी आयर्लंडच्या शेतकी खात्यानें त्याच्याकडे सोंपविली. विली सँड्स या आपल्या सहकाऱ्यास बरोबर घेऊन तो शेतांशेतांतून हिंडला.

त्यास जें दिसलें तें असें, कीं ट्रॅक्टर आणि नांगर हे परस्परांस परके होते. पुढें एंजिन, मागें सांखळीनें किंवा खुंटीनें अडकविलेला, स्वतःच्या चाकांवर चालणारा अवजड नांगर, आणि त्यावर बहुधा दुसरा माणूस. घोडे सोडून त्यांच्या जागीं एंजिन बांधलें होतें, एवढाच काय तो फरक. नांगराच्या वजनाचा ट्रॅक्टरास उपयोग नाहीं, आणि ट्रॅक्टराच्या शक्तीचें नांगरास नियंत्रण नाहीं. ट्रॅक्टराचीं चाकें घसरूं नयेत म्हणून त्यास लोखंडानें जड करीत; जड झाला म्हणजे तो जमीन तुडवी आणि तेल पिई.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन ट्रॅक्टर कारखान्यांतून बाहेर पडूं लागला. तो हलका, आंखूड आणि स्वस्त होता. १९२२ सालीं त्याची किंमत ३९५ डॉलरांपर्यंत उतरली, आणि लाखों शेतकऱ्यांस ट्रॅक्टर परवडूं लागला. पण त्यांत एक भय लपलेलें होतें. मागें बांधलेला नांगर दगडांत किंवा झाडाच्या मुळांत अडकला कीं चाकें थांबतात. एंजिन मात्र थांबत नाहीं. मग चाकांऐवजीं सारा ट्रॅक्टरच मागील आंसाभोंवतीं फिरूं पाहतो, त्याचें नाक वर उठतें, आणि क्षणार्धांत तो चालकाच्या अंगावर उलटतो. फोर्डसनखालीं अशीं माणसें खरोखरच मेलीं. बैल अडला तर थांबत असे. यंत्रास थांबावयाचें कोणीं शिकविलें नव्हतें.

फर्ग्युसननें तें शिकविलें. निरनिराळ्या जोडण्या करून पाहतां पाहतां त्याची कल्पना पक्व झाली, आणि १९२६ सालीं तिचें ब्रिटिश पेटंट प्रसिद्ध झालें. पुढें तिला जें रूप आलें त्यांत खालीं दोन दांडे नांगर ओढीत आणि वर एक दांडा मधोमध असे. माती नांगरास मागें रेटते, तसा नांगर वरच्या दांड्यावर पुढें कलतो आणि ट्रॅक्टराचें नाक खालीं दाबून धरतो. त्याच वेळीं नांगराचें व त्यावरील मातीचें ओझें मागील चाकांवर येतें. जितकी ओढ अधिक, तितकी पकड अधिक. शिवाय वरच्या दांड्यावरचा दाब तेलाच्या यंत्रणेच्या झडपेस कळतो. ओढ वाढली कीं झडप नांगर किंचित् उचलते, कमी झाली कीं तो खालीं सोडते. नांगर दगडावर आदळला तर हीच झडप दाब सोडून देते, मागील चाकांवरचा भार एकदम कमी होतो, चाकें जागच्या जागीं फिरतात, आणि ट्रॅक्टर उलटत नाहीं.

या युक्तीचें मर्म असें, कीं तीमुळें औत हें ट्रॅक्टराच्या शरीराचाच एक अवयव झालें. ट्रॅक्टर जड करण्याची गरज उरली नाहीं, आणि लहान ट्रॅक्टर ही वस्तु शक्य झाली. परंतु याच युक्तीनें नवें बंधनहि घातलें. अवयव शरीराच्या मापाचा असावा लागतो. म्हणून फर्ग्युसननें ट्रॅक्टर एकटा विकलाच नाहीं. त्याच्या बेताचीं अवजारेंहि स्वतःच तयार केलीं. १९३६ पासून डेव्हिड ब्राऊन यांच्या कारखान्यांत बनलेल्या त्याच्या पहिल्या ट्रॅक्टराची किंमत २२४ पौंड आणि प्रत्येक अवजाराची २६ पौंड होती. घरीं असलेलीं जुनीं औतें टाकून नवा संच घेण्यास त्या मंदीच्या काळांत फार थोडे शेतकरी तयार झाले, आणि सुमारें साडेतेराशेंच ट्रॅक्टर बनून तो प्रयत्न थांबला.

१९३८ च्या ऑक्टोबरांत फर्ग्युसननें आपला ट्रॅक्टर अमेरिकेस नेऊन डिअरबॉर्न येथें हेन्री फोर्ड यांच्यासमोर चालवून दाखविला. दोघांनीं हातांत हात दिला. कागदावर कांहींच लिहिलें नाहीं. जून १९३९ मध्यें फोर्डचा '९ एन' ट्रॅक्टर ५८५ डॉलरांस विक्रीस आला, आणि १९४७ पर्यंत तो व त्याचा पुढील अवतार मिळून तीन लाखांवर विकले गेले. त्या वर्षीं फोर्ड यांच्या नातवानें तो तोंडी करार मोडला. फर्ग्युसननें १९४८ सालीं पंचवीस कोटी डॉलरांवर भरपाई मागणारा दावा लाविला. १९५२ सालीं साडेब्याण्णव लाख डॉलरांवर तो मिटला. तोंपर्यंत इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९४६ पासून फर्ग्युसनचा करडा 'टी ई २०' ट्रॅक्टर निघूं लागला होता. दहा वर्षांत असे पांच लाखांवर ट्रॅक्टर बनले, आणि १९५८ च्या जानेवारींत एडमंड हिलरी असलेच ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोंचले.

इतक्या गुणी यंत्रासहि मर्यादा होतीच, आणि ती एका उदाहरणानें स्पष्ट होते. '९ एन' ट्रॅक्टरास १४ इंची दोन फाळांचा नांगर जोडीत. म्हणजे एकंदर रुंदी २८ इंच. खोली ६ इंच धरिली तर मातीचा १६८ चौरस इंचांचा काप एका वेळीं उलटतो. मध्यम भुसभुशीत जमीन दर चौरस इंचास ७ पौंड अडथळा करते असें धरिल्यास ओढ १,१७६ पौंड होते; ताशीं ३ मैलांच्या चालीनें तीस साडेनऊच्या आंत अश्वशक्ति पुरते. हें काम तो ट्रॅक्टर हंसत करी. आतां तोच नांगर चिकट भारी जमिनींत घाला, जेथें अडथळा दुप्पट आहे. ओढ २,३५२ पौंड आणि शक्ति जवळजवळ १९ अश्वशक्ति होते. त्या ट्रॅक्टराचें स्वतःचें वजनच सुमारें २,३०० पौंड! आपल्या वजनाइतकी ओढ मातींत त्याचीं चाकें कशीं देणार? ट्रॅक्टर तोच, नांगर तोच. केवळ जमीन पालटली आणि जोडी विजोड झाली. शहाणा शेतकरी अशा वेळीं एक फाळ काढून ठेवीत असे, तशीच खोलीहि कमी करीत असे.

ओढीखेरीज शक्ति औतास देण्याचा दुसरा मार्ग याच काळांत रूढ झाला. एंजिनाशीं जोडलेला एक फिरता दांडा ट्रॅक्टराच्या मागें काढला, कीं त्यावर कापणीयंत्र, फवारणीचा पंप किंवा माती घुसळणारीं पातीं चालतात. आजचे शेतकरी त्यास 'पीटीओ' म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इंटरनॅशनल हार्वेस्टर कारखान्यानें असा दांडा असलेले ट्रॅक्टर बाजारांत आणिले. परंतु दांड्याची जाडी, दिशा आणि फेरे प्रत्येक कारखान्याचे निराळे असते, तर एकाचें औत दुसऱ्यास लागलें नसतें. म्हणून १९२७ सालीं अमेरिकेंतील शेतकी यंत्रज्ञांच्या संस्थेनें त्याचें प्रमाण ठरविलें. मिनिटास ५४० फेरे हा आजचा परिचित आंकडा त्याच प्रमाणांतून आला आहे. पुढें तीन टोकांच्या जोडणीचेहि वर्ग ठरले: सुमारें २० अश्वशक्तीपर्यंतच्या ट्रॅक्टरांचा 'शून्य', २० ते ४५ चा 'एक', आणि त्यापुढें मोठे.

या प्रमाणांनीं सोय झाली, तशी एक नवी भूलहि उत्पन्न झाली. वर्ग जुळला म्हणजे खुंटी भोंकांत बसते; तेवढ्यानें औत ट्रॅक्टरास झेपतें असें नव्हे. 'एक' वर्गांत २२ अश्वशक्तीचा ट्रॅक्टरहि येतो आणि ४४ चाहि येतो. दोघांस एकच नांगर अडकवितां येईल. ओढतां येईलच असें नाहीं.

लहान ट्रॅक्टराच्या बाबतींत ही भूल विशेष महाग पडते. जपानांतील कुबोटा कारखान्यानें १९६० नंतर लहान शेतांसाठीं असे ट्रॅक्टर बनविले, आणि १९६९ सालीं २१ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अमेरिकेंत पाठविला. तेथून या वर्गाचा जगभर प्रसार झाला. एंजिनावर छापलेली शक्ति आणि फिरत्या दांड्यावर मिळणारी शक्ति यांत तफावत असते. २५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टराच्या दांड्यावर २० च्या आसपास हातीं लागते. झुडुपें कापणाऱ्या फिरत्या पात्यास रुंदीच्या दर फुटास सुमारें ५ अश्वशक्ति लागते अशी रूढ अटकळ आहे. त्या हिशेबानें या ट्रॅक्टरास चार फुटांचें यंत्र योग्य. सहा फुटांचें घेतलें तर एंजिन धापा टाकील. उलट फार लहान अवजार लावलें तर तेल आणि वेळ फुकट जातो, आणि चाकांनीं दाबलेली जमीन मोकळीहि होत नाहीं. तिसरी गोष्ट वजनाची. मागें उचललेलें औत जड झालें कीं पुढील चाकें हलकीं होतात आणि वळविण्याची सत्ता जाते. यासाठीं पुढील आंसावर ट्रॅक्टराच्या वजनाचा निदान पांचवा हिस्सा राहिला पाहिजे, आणि तो राहत नसेल तर पुढें वजनें लावलीं पाहिजेत.

महाराष्ट्रांत अवजार आणि ओढ यांच्या मेळाची कारखानदारी बैलांपासूनच सुरू झाली. बेळगांवास लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर बनविला, तेव्हां लोखंडानें जमिनीस विष चढेल अशी लोकांची समजूत होती. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. तेथून निघालेल्या नांगरांनीं मोठ्या लांकडी नांगराचें काम थोडक्या बैलांच्या आवांक्यांत आणिलें. १९६३ सालीं महिंद्र मंडळीनें इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यानें मुंबईंत ट्रॅक्टर बनविण्यास आरंभ केला. त्या काळचा 'बी-२७५' सुमारें ३५ अश्वशक्तीचा होता. पुढें त्याहून पुष्कळ लहान ट्रॅक्टरहि निघाले, आणि नाशिककडील द्राक्षमळ्यांच्या अरुंद ओळींतून ते फवाऱ्याचे पंप घेऊन फिरूं लागले. मध्य प्रदेशांत बुदनी येथें १९५५ सालीं स्थापन झालेल्या सरकारी संस्थेंत ट्रॅक्टरांची परीक्षा होते. तेथील अहवालांत फिरत्या दांड्यावरची शक्ति, ओढदांड्यावरची ओढ आणि उचलण्याची क्षमता हीं निरनिराळीं नोंदलेलीं असतात. क्रोझरनें मागितलेली गोष्ट ती हीच.

ट्रॅक्टर बहुधा कर्जानें येतो, आणि त्या मागचीं अवजारेंहि. दारांत उभ्या असलेल्या चकचकीत यंत्राचा मोठा आंकडा शेजारपाजारीं सांगतां येतो; कर्जाचे हप्ते मात्र औतास पोंचलेल्या शक्तीनेंच फिटतात. कुळवास दोन आणि नांगरास आठ बैल जुंपणाऱ्या शेतकऱ्यास अश्वशक्ति हा शब्द ठाऊक नव्हता. तो आधीं जमीन पाही, मग औत निवडी, आणि सरतेशेवटीं बैल मोजी. लहान ट्रॅक्टर घेणारानेंहि याच क्रमानें जावें: आधीं आपली माती, मग तींतलें काम, मग त्या कामाचें औत, आणि त्या औतास पुरेल असा ट्रॅक्टर.